झाड समोर बसून काढायचं, म्हणजे नेमकं काय?

विचारलेलं आहे ते असं. रोमँटिक काळातले युरोपीय चित्रकार झाडं खरोखर झाडासमोर बसून रंगवायचे, की स्टुडिओत बसून मनाने? आम्ही तासन्‌तास समोर बसूनही झाडाची शेवटी फुलकोबीच का होते? आणि मोबाइलवर फोटो काढून घरी आरामात रंगवलं तर काय बिघडलं? तिन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्याचा निकाल आधी लावतो. बसायचे ते बाहेरच, पण तिथे जे करायचे ते बहुतेक वेळा ‘चित्र’ नसायचं. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे ‘द हे वेन’, १८२१ सालचं. त्यातली झाडं सफोक परगण्यातली, आणि चित्र रंगवलं गेलं ते तिथून शंभरेक किलोमीटरवर, लंडनच्या घरात. आधी त्याच मापाचं एक पूर्ण तैलरंगी स्केच, आणि त्याच्याही आधी कित्येक वर्षांत जमलेली छोटी छोटी स्केचेस. अपवाद आहेत. फ्लॅटफर्ड मिलजवळच्या होडीबांधणीचं त्याचं १८१५चं चित्र संपूर्णपणे उघड्यावर रंगवलं असं त्याचा मित्र आणि चरित्रकार लेस्ली सांगतो. पण अपवादच. जर्मनीतला कास्पार डाव्हिड फ्रीडरिश बाहेर पडायचा तेव्हा त्याच्या हातात बहुधा फक्त पेन्सिल असायची. रंग घरी, आणि घरही असं की भिंतीवर जवळजवळ काही नाही.

मग बाहेर काय व्हायचं? अभ्यास. आपल्याकडे विद्यार्थी ‘स्टडी केला’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात लहान आकाराचं, थोडं घाईत उरकलेलं चित्रच असतं. आकाश, जमीन, मध्ये झाड, कोपऱ्यात सही. हे मला मान्य नाही. अभ्यासाला एक प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नापलीकडचं सगळं सोडून देण्याची मुभा असते. साल कशी फाटते? फांदी खोडातून निघते तिथे काय होतं? वारा आला की पानांची कोणती बाजू दिसते? एका बैठकीला एक प्रश्न, फार तर दोन. उत्तर मिळालं की थांबायचं, मग कागद अर्धा कोरा राहिला तरी चालेल.

याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे कॉन्स्टेबलनेच १८२१च्या सुमारास केलेला एल्म या झाडाच्या बुंध्याचा अभ्यास. कागदावर तैलरंग, जेमतेम ३० बाय २५ सेंटीमीटर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याची मुलगी इसाबेल हिने १८८८ साली दिलेल्या संग्रहातून तो तिथे आला. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तो मोठा करून बघता येतो, आणि हे वाचायच्या आधी बघितलात तर उत्तमच. यात झाडाचा शेंडा नाही. पर्णसंभार नाही. बुंधा जमिनीतून वर येतो आणि चित्राच्या वरच्या कडेला सरळ कापला जातो. सालीच्या उभ्या भेगा, त्यांच्यामधले उंचवटे, एका बाजूने आलेला उजेड, मुळांपाशी गवत, मागे उन्हाचा एक तुकडा आणि काही सडपातळ खोडं. बस. ‘एल्म दुरून कसा दिसतो’ हे त्या दिवशी त्याला विचारायचंच नव्हतं. ‘हा बुंधा जमिनीवर उभा कसा राहतो आणि त्याच्या सालीवर उजेड कसा चढतो’ एवढंच त्याने विचारलं.

दिसायला सोपं आहे. विसाव्या शतकातला चित्रकार लुशियन फ्रॉइड तरुणपणी कॉन्स्टेबलच्याच मुलखात, डेडममध्ये शिकत होता. तो या बुंध्यामुळे इतका भारावला की इझल घेऊन एका झाडासमोर जाऊन उभा राहिला, आणि हे आपल्याच्याने होणार नाही म्हणून त्याने नाद सोडला. ते त्याच्या डोक्यातून गेलं मात्र नाही: २००३ साली, वयाच्या ऐंशीत, त्याने याच बुंध्यावरून एक एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) केलं. माणसाची कातडी इतक्या निर्दयपणे रंगवणाऱ्या चित्रकाराला सालीचं आकर्षण वाटावं यात मला नवल वाटत नाही.

आता या अभ्यासामागे कोणती खोड मोडायची होती ते पाहू, कारण तीच खोड आपल्यालाही आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ‘चांगलं निसर्गचित्र’ म्हणजे सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या चित्रकाराच्या चित्रांसारखं दिसणारं निसर्गचित्र असा समज होता. एका कडेला गडद, तपकिरी झाड, मध्ये उजेडाची दरी, दूरवर निळे डोंगर. झाडाचं काम पडद्याच्या बाजूपट्टीचं. ते कोणत्या जातीचं, किती वयाचं, हा प्रश्नच नाही. कॉन्स्टेबलचा ज्येष्ठ स्नेही सर जॉर्ज ब्यूमाँट याला क्लोदचं एक छोटं चित्र इतकं प्रिय होतं की प्रवासातही ते बरोबर असायचं. त्याने कॉन्स्टेबलला विचारलं, चित्रात तुमचं तपकिरी झाड कुठे ठेवायचं हे ठरवायला कठीण नाही जात? कॉन्स्टेबल म्हणाला, मी असलं झाड ठेवतच नाही. दुसऱ्या वेळी ब्यूमाँटने जुन्या व्हायोलिनचा रंग हा चित्राचा मूळ रंग असावा असं सुचवलं, तेव्हा कॉन्स्टेबलने व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवलं. वाद घालायची ही पद्धत मला आवडते.

ही बंडखोरी मात्र आयती आलेली नव्हती. १८०२ साली, पंचविशीत असताना, त्याने गावाकडच्या मित्राला, जॉन डन्थॉर्नला, लिहिलं की गेली दोन वर्षं मी चित्रांच्या मागे धावतोय आणि सत्य दुसऱ्याच्या हातून घेतोय. त्यानंतर तो आपल्या गावी, ईस्ट बर्गहोल्टला परतला आणि समोर बसून काम करू लागला. ब्यूमाँटकडचं क्लोदचं चित्र मात्र त्याने आयुष्यभर डोक्यातून काढलं नाही. त्याच वर्षीच्या ‘डेडम व्हेल’ या चित्राची उभी मांडणी सरळ त्या चित्रावर बेतलेली आहे. म्हणजे मांडणी उसनी, झाडं स्वतःची. नव्याने शिकणाऱ्याला हा सौदा मला वाजवी वाटतो.

फ्रान्समध्ये गोष्ट जरा गमतीची आहे. तिथे पिएर-आँरी दि व्हॅलेंसिएन हा अभिजात वळणाचा चित्रकार, पण बाहेर बसून तैलरंगात अभ्यास करण्याची शिस्त त्यानेच बांधून दिली. त्याचा ग्रंथ १८००चा. त्याचं सांगणं असं की उजेड सतत बदलतो, म्हणून एका अभ्यासाला जास्तीत जास्त दोन तास द्या, आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्धा तास. त्यापुढे तुम्ही समोरचं रंगवत नाही, आठवणीतलं रंगवता. तरुणांना हा नियम मी आजही जसाच्या तसा देतो. पण त्याच परंपरेतून १८१७ पासून ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी रोमचं पारितोषिक (तरुण कलावंतांना रोमला शिकायला पाठवणारं बक्षीस) सुरू झालं, आणि त्याच्या एका फेरीत स्पर्धकांना दिलेल्या जातीचं झाड स्मरणातून रंगवावं लागे. पहिलं पारितोषिक मिशालाँला मिळालं. त्याच्याकडे पुढे गाजलेला चित्रकार कोरो काही काळ शिकला. वरवर बघता विरोधाभास आहे: समोर बसून शिका आणि परीक्षा आठवणीची द्या. माझ्या मते त्यात विरोध नाही. ओकची फांदी कशी कोपरात मोडल्यासारखी वळते हे तुमच्या हाताला माहीत झालं आहे का, एवढंच ती परीक्षा तपासत होती.

कॉन्स्टेबलकडे परत येतो, कारण त्याच्याइतकी नोंदींची शिस्त थोड्यांकडे होती. लंडनलगतच्या हॅम्पस्टेडमध्ये १८२१-२२ साली त्याने आकाशाचे अनेक अभ्यास केले. त्यांच्या मागे तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, हे लिहिलेलं असतं. झाडांच्या बाबतीतही तसंच. ईस्ट बर्गहोल्टच्या ओल्ड हॉल पार्कमधल्या एल्म वृक्षांचं मोठं पेन्सिल रेखाटन, सुमारे ५९ बाय ४९ सेंटीमीटर, त्यावर तारीख आहे २२ ऑक्टोबर १८१७. ऑक्टोबर महत्त्वाचा: इंग्लंडमध्ये तेव्हा पानं विरळ व्हायला लागतात आणि फांद्यांचा सांगाडा दिसू लागतो, तरी झाडाचा घेर अजून कळतो. हा योगायोग नसावा.

त्याच्या लेखी ही झाडं एकेकटी व्यक्ती होती. १८३६ साली हॅम्पस्टेडच्या व्याख्यानात त्याने एका ॲश वृक्षाचं रेखाटन दाखवून सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. गावाच्या वेशीवरची ही ‘तरुणी’ ऐन बहरात असताना मी तिला काढलं, तो म्हणाला. पुढे तिकडून जाताना बघतो तर तिच्या अंगावर लांब खिळ्यांनी पाटी ठोकलेली: भटक्या-भिकाऱ्यांवर कायद्याने कारवाई होईल. झाडाला तो अपमान लागला असावा, कारण वरच्या काही फांद्या तेव्हाच सुकल्या होत्या. वर्षभरात अर्धं अंग गेलं, मग उरलेलं. शेवटी तिला तोडली आणि पाटी राहील एवढाच खुंट ठेवला. श्रोते हसले असतील, पण विनोदाखाली निरीक्षण आहे: त्याने ते झाड पुन्हा पुन्हा पाहिलं होतं आणि कोणती फांदी कधी वाळली हे त्याला ठाऊक होतं. त्याचंच एक म्हणणं आहे की जगाच्या आरंभापासून एका झाडाची दोन पानंसुद्धा सारखी झालेली नाहीत.

एक किस्सा इथे राहवत नाही म्हणून सांगतो. १८३१ साली रॉयल अकॅडमीच्या मॉडेल-वर्गाची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याने नग्न मॉडेलला ईव्ह म्हणून उभं केलं आणि भोवती खऱ्या हिरव्या फांद्या लावल्या. त्या फांद्या हॅम्पस्टेडहून आणणाऱ्या माणसांना पोलिसांनी दोनदा अडवलं. कुणाच्या तरी बागेतून चोरल्या असाव्यात असा संशय, आणि संशय खराच होता असं कॉन्स्टेबलने स्वतः मित्राला कळवलं.

आता फुलकोबी. ती का होते याचं कारण हातात नाही, क्रमात आहे. आपण आधी झाडाच्या घेराची बाह्यरेषा काढतो, गोलसर, मग तिच्या आत ब्रशचे सारखे ठिपके मारतो, आणि शेवटी खाली एक खोड चिकटवतो. सगळे ठिपके एका मापाचे, सगळे आपल्याकडे तोंड करून. झाड उलट्या क्रमाने वाढतं, त्यामुळे आधी खोड. खोडाचा कल, ते कुठे बाक घेतं, पहिली जाड फांदी किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला निघते. मग दुसऱ्या फळीच्या फांद्या. विशेषतः आपल्या दिशेने येणाऱ्या. बहुतेक जण फक्त डाव्या-उजव्या फांद्या काढतात, म्हणून झाड पुस्तकात दाबून वाळवल्यासारखं सपाट होतं. समोर येणारी फांदी आखूड दिसते, तिचं टोक जाड दिसतं, आणि ती खोडाचा काही भाग झाकते. तिला धीराने बघा. तिच्यामुळेच झाडाला पोट येतं.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८५७ साली नवशिक्यांसाठी जो सराव सांगितला तो अजून कुणी सुधारलेला नाही. जवळजवळ निष्पर्ण झाड निवडा, आकाशावर उठून दिसणारं, आणि त्याच्या फांद्या म्हणजे नकाशावर मांडायच्या काळ्या नद्या आहेत असं समजून त्या अचूक मांडा. गोलाई नंतर. यात गोम अशी की नद्या मांडताना तुम्हाला मधल्या जमिनीचे तुकडेही मोजावे लागतात, म्हणजेच फांद्यांमधलं आकाश. पानं असलेल्या झाडातही हे आकाशाचे तुकडे असतात. ते काढताना एक काळजी: पानांच्या मधून दिसणारं आकाश बाहेरच्या मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद रंगवा, कारण भोक लहान असलं की कडेची पानं त्यातला उजेड खातात. मोकळ्या आकाशाचाच रंग लावलात तर भोकं झाडाच्या पुढे उड्या मारतात.

पर्णसंभाराचे गट पाडा, पानं नाही. पाच-सहा मोठे गट, प्रत्येकाला स्वतःची उजेडाची आणि सावलीची बाजू, आणि प्रत्येक गट कोणत्या ना कोणत्या फांदीला लटकलेला. पानांची जात फक्त कडांवर सांगायची, जिथे झाड आकाशाला भिडतं. १८२६ साली ‘द कॉर्नफील्ड’ हे चित्र संपवताना कॉन्स्टेबलने मित्राला जवळजवळ हेच लिहिलं: या खेपेला झाडांवर नेहमीपेक्षा जास्त मेहनत घेतली आहे, टोकं स्पष्ट आहेत, आणि दुपारच्या सुखद वाऱ्याने ती हलत आहेत. त्याच चित्रासाठी हेन्री फिलिप्स या वनस्पतितज्ज्ञ मित्राने जुलैत वाटेच्या कडेला काय काय फुललेलं असतं याची यादी त्याला कळवली होती. बघा, समोर बसून पाहणं आणि जाणकाराला विचारणं या दोन्ही गोष्टी तो करत होता.

हिरव्याबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. ट्यूबमधला तयार हिरवा थेट लावणं हा फुलकोबीचा दुसरा अर्धा भाग. त्या काळच्या चित्रकारांना हा मोह कमी होता. आज सगळ्यांच्या पेटीत असणारा व्हिरिडियन हा टिकाऊ हिरवा व्यवहारात आला तो १८५९ नंतर, आणि रंगाच्या पिळायच्या धातूच्या ट्यूबचा शोधच १८४१चा. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यायचे. निळे आणि पिवळे मिसळून हिरवे करावे लागायचे, त्यामुळे आपोआप ते अनेक व्हायचे. कॉन्स्टेबलच्या कुरणांचा हिरवा इतरांपेक्षा सरस का वाटतो, तर तो असंख्य वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला असतो, अशी नोंद फ्रेंच चित्रकार देलाक्रॉने १८४६ साली आपल्या रोजनिशीत केली आहे. शिवाय त्याच्या बाहेरच्या स्केचेसचा कागद बहुतेक वेळा आधीच तपकिरी किंवा गुलाबीसर छटेचा केलेला असायचा, आणि हिरव्या फटकाऱ्यांच्या फटींतून ती ऊब जागोजाग दिसत राहते. जलरंगात काम करणाऱ्यांना हे सहज जमण्यासारखं आहे: कागदभर कच्च्या सिएनाचा (पिवळसर तपकिरी रंगाचा) पातळ वॉश द्या, वाळू द्या, मग हिरव्याला हात घाला. पानांवरच्या दवाची चकाकी म्हणून कॉन्स्टेबल जे पांढरे ठिपके सोडायचा त्यांची समीक्षकांनी ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून टर उडवली. टर अगदीच अन्यायाची नव्हती, असं त्याची काही उशिराची चित्रं पाहून वाटतं.

फ्रीडरिशची वाट वेगळी. तो ड्रेस्डेनमध्ये राहायचा, आणि पायी हिंडून ओक, फर, खडक यांची पेन्सिलने नेमकी रेखाटनं करायचा, बहुतेकांवर तारीख. बऱ्याचदा ओक निष्पर्ण. एकदा काढलेलं झाड त्याच्याकडे भांडवलासारखं राहायचं आणि वर्षांनंतर एखाद्या तैलचित्रात उभं राहायचं, बर्फातल्या थडग्यापाशी किंवा पडक्या मठासमोर. बर्लिनच्या राष्ट्रीय दालनातलं ‘एकटं झाड’ (१८२२) पाहा. मधोमध म्हातारा ओक, शेंडा मेलेला, खालचा भाग अजून हिरवा, बुंध्याला टेकलेला मेंढपाळ, मागे डोंगर आणि सकाळ. हे दृश्य असंच्या असं कुठे नाही, जोडून तयार केलेलं आहे. पण मेलेल्या फांद्यांचे कोन पाहा: ते मनाने काढता येत नाहीत. मनाने काढलेली वाळकी फांदी नेहमी फार डौलदार होते. चित्रकाराने केवळ समोर दिसतं तेवढंच नव्हे तर स्वतःच्या आत दिसतं तेही रंगवावं, हे फ्रीडरिशचं वाक्य लोक फार उद्‌धृत करतात, आणि त्याच्या पेन्सिलीच्या वह्या कुणी उघडत नाही. आतलं दिसायला त्याने आधी बाहेरचं किती भरलं होतं ते त्या वह्यांत आहे.

इंग्रज चित्रकार सॅम्युएल पामरचा उल्लेख ओघात करतो. हा स्वप्नाळू माणूस, कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचा भक्त. पण १८२८ साली चित्रकार जॉन लिनेल याच्या सांगण्यावरून केंटमधल्या ललिंगस्टोन पार्कमध्ये त्याने म्हाताऱ्या ओकचे जे अभ्यास केले त्यात सालीचा प्रत्येक पीळ आहे. मला ती त्याची सर्वोत्तम कामं वाटतात, त्याच्या भक्तांना राग आला तरी. अमेरिकेत अ‍ॅशर ड्युरँड मुळात खोदकाम करणारा कारागीर. १८५५ साली निसर्गचित्रावर पत्रं प्रसिद्ध करून त्याने तरुणांना बजावलं की आधी निसर्गाकडे जा आणि पेन्सिलीने सुरुवात करा. आणि फ्रान्समधल्या बार्बिझाँ गावचा चित्रकार थिओडोर रूसो याने फोंतेनब्लोच्या जंगलातले ओक इतकी वर्षं पाहिले की ते तुटू लागल्यावर त्याने सरकारदरबारी धाव घेतली; १८६१च्या शाही फर्मानाने तिथला सुमारे हजार हेक्टरचा भाग चित्रकारांसाठी राखून ठेवण्यात आला.

अभ्यासातून चित्रात जाताना झाड हलवता येतं का, असं विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात, जणू चोरी आहे. कॉन्स्टेबलच्या ‘द लीपिंग हॉर्स’ (१८२५) मध्ये घोड्याजवळ विलोचा एक जुना खुंट होता. प्रदर्शनात चित्र लावून झाल्यावर, सप्टेंबरात पहाटे उठून त्याने तो खोडून टाकला आणि रोजनिशीत लिहिलं की चित्र बरंच सुधारलं. खोडलेल्या जागेची खूण चित्रात आजही शोधता येते. झाड हलवा, काढून टाका, दोन झाडांचं एक करा. फक्त जे झाड ठेवाल ते ओळखीचं असू द्या.

आपल्याकडच्या स्पॉटवर हे सगळं करताना दोन गोष्टी बदलतात. पहिली उजेडाची. इंग्लंडचा सूर्य खाली असतो, हवेत ओल असते, त्यामुळे तिथे दुपारीसुद्धा झाडाला कडेने उजेड मिळतो. आपल्याकडे साडेदहानंतर ऊन डोक्यावर येतं, पर्णसंभाराचा माथा पांढरा पडतो आणि खालचं सगळं काळं. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर बसा. व्हॅलेंसिएनचे दोन तास त्यात बरोबर बसतात. दुसरी गोष्ट, आपले वड, आंबा, चिंच ही नेहमी पानांनी भरलेली झाडं, सांगाडा कधी दाखवतच नाहीत. वडापासून सुरुवात करू नका. पारंब्यांच्या गुंत्यात नवखा माणूस हरवतो, आणि रेघा मारत सुटतो. त्यापेक्षा पळस, पांगारा, काटेसावर घ्या. काटेसावरीच्या फांद्या खोडाभोवती मजल्या-मजल्याने जवळजवळ आडव्या निघतात, त्यामुळे समोर येणारी फांदी आखूड कशी दिसते हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं झाड शिकवत नाही.

पहिल्या काही बैठकांत रंग नेऊच नका. टूबी किंवा फोरबी पेन्सिल, साधा कार्ट्रिज कागद, आणि फक्त बुंधा: जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत. मुळं जमिनीत शिरतात ती जागा नीट पाहा. तिथे एक सरळ आडवी रेघ मारली की झाड जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं, उगवल्यासारखं नाही. पुढच्या वेळी त्याच झाडाची फक्त दोन फांद्यांची बेचकी. मग एका गटाची उजेड-सावली, एकाच तपकिरी रंगात. कागदाच्या कडेला तारीख, वेळ आणि ऊन कोणत्या बाजूचं ते लिहून ठेवा. वेगवेगळ्या झाडांची वीस स्केचेस करणाऱ्यापेक्षा एकाच झाडाकडे वर्षभर जाणारा लवकर शिकतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहत आलोय. कॉन्स्टेबलच्या एल्मचं तर आता अशा अभ्यासांशिवाय दुसरं काही शिल्लकही नाही. १९६०च्या दशकाअखेरपासून पसरलेल्या डच एल्म रोगाने ब्रिटनमधले अडीच कोटींहून जास्त एल्म मारले, आणि त्याच्या चित्रांतली ती उंच, ढगांसारखी झाडं तिथल्या क्षितिजावरून नाहीशी झाली.

राहिला फोटो. फोटो काढायला माझी हरकत नाही. तो कोणत्या कामाला वापरता यावर सगळं अवलंबून आहे. मोबाइलचा कॅमेरा आकाशाला सांभाळतो आणि खोड काळं करतो, किंवा खोडाला सांभाळतो आणि आकाश जाळून टाकतो, आणि आजकालचे फोन दोन्ही सांभाळायला जाऊन सावल्या धुवून टाकतात. डोळा मात्र सावलीत गेला की थोड्या वेळात तिथला जांभळट, हिरवट, तपकिरी फरक वाचू लागतो. बुंध्याच्या सावलीच्या बाजूला जमिनीवरून परतणारा उबदार उजेड फोटोत बहुतेक वेळा नसतोच, आणि खोड गोल दिसतं ते त्याच्याचमुळे. शिवाय कॅमेऱ्याला एकच डोळा असल्याने समोर येणारी फांदी आणि मागे जाणारी फांदी फोटोत एकाच पातळीवर चिकटतात. तेव्हा आधी समोर बसून अभ्यास करा, उठताना एक फोटो काढा, आणि घरी एखाद्या फांदीचा कोन विसरला असाल तर तेवढ्यापुरता तो उघडा. फोटोपासून सुरुवात केलीत तर कुठला प्रश्न विचारायचा होता हेच ठरत नाही, कारण फोटोत सगळ्याच गोष्टींना सारखं महत्त्व असतं.

काटेसावर घेणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा. तेव्हा पानं गळून फुलं येत असतात आणि सगळा सांगाडा आकाशावर उघडा असतो. उन्हाळा चढला की नवी पालवी येऊन फांद्या झाकल्या जातात, आणि मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागतं.